तीस नंबरची सुई

रोज सकाळ-संध्याकाळ आपल्या हाताने पोटात इन्सुलिन टोचून घेणारी बाई डोळ्यातल्या एका इंजेक्शनला एवढी का घाबरते, हे आमच्या ह्यांना काही केल्या कळेना. मी म्हटलं, अहो, पोटाला येणारी सुई दिसत नाही. डोळ्याचं कामच बघायचं. तो कसा गप्प बसेल?

झालं होतं असं की खिडकीचे गज मधेच फुगीर दिसायला लागले आणि मशीनवरची सरळ शिलाई वेलांट्या घ्यायला लागली. आयुष्यभर लोकांचे ब्लाऊज शिवून हात बसलेला, त्यामुळे दोष हाताचा नाही याची खात्री होती. डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुली मोठी करायचे थेंब घालून बसवलं, मग ओसीटी नावाचा फोटो काढला. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या बरोबर मध्ये, जिथून आपण बारीक बघतो, तिथे छोटासा खळगा असतो म्हणे. माझ्या डाव्या डोळ्यात खळग्याच्या जागी पर्वती उभी होती.

"मधुमेहाने बारीक रक्तवाहिन्या पाझरतात काकू," डॉक्टर म्हणाले, "ते पाणी मधोमध साठून सूज आली आहे. इंजेक्शन द्यावं लागेल."

"कमरेत?"

"डोळ्यात."

वर हेही सांगितलं की एकाने भागत नाही. सुरुवातीला दर महिन्याला, मग सूज बघून. आणि शुगर, बीपी आटोक्यात हवं, नाहीतर आम्ही वरून पुसत राहू आणि तुम्ही खालून नळ सोडाल. मुलगा वयाने माझ्या भाच्याएवढा, पण बोलला बरोबर.

घरी आल्यावर भाचीने चिठ्ठीवरचं नाव मोबाईलवर टाकलं आणि तिचा चेहरा पडला. "आत्या, बेव्हॅसिझुमॅब हे तर आतड्याच्या कॅन्सरचं औषध आहे!" आता शुगर डोळ्यात, औषध आतड्याचं आणि कॅन्सर कुणाला? रात्रभर मी सगळे अवयव मोजून काढले. पुढच्या वेळी विचारलं, तेव्हा उलगडा झाला. गाठीला वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात आणि त्या फुटाव्यात म्हणून शरीरात व्हीईजीएफ नावाचं एक प्रथिन हुकूम सोडतं. मधुमेही डोळ्यातही तेच प्रथिन उच्छाद मांडतं. रक्तवाहिन्या पाझरायला लावतं. हे औषध त्याचं तोंड बंद करतं. अमेरिकेत २००४ साली ते आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं आणि पुढच्याच वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याचा थेंबभर डोळ्यात देऊन पाहिला. थेंबभर म्हणजे अगदीच ०.०५ मिलिलिटर. ब्लाऊजच्या कापडातून उरलेली चिंधी वापरून पिशवी शिवणाऱ्या बाईला ही काटकसर एकदम पटली.

पण तोवर बातमी सोसायटीत पसरली होती. एकीने त्रिफळ्याचं पाणी सुचवलं, दुसरीने जांभळाच्या बियांची पूड आणून दिली. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटतं." काकांनी घेतलं होतं का इंजेक्शन? नाही. त्यांच्या साडूंनी? तेही नाही. साडूंच्या ऑफिसातल्या कुणीतरी. त्या माणसाचं पुढे काय झालं, ते मात्र काकांना आठवेना, आणि माझी झोप त्या न आठवण्याने उडवली.

"घाबरू नका" या वाक्याचा आजवर कुणाला उपयोग झाला असेल, असं मला वाटत नाही. मला हवी होती माहिती. म्हणून मी वहीच्या पानावर प्रश्न लिहून नेले आणि डॉक्टरांसमोर ठेवले. ऐन वेळी पापणी मिटली तर? मिटणारच नाही, चाप लावलेला असतो. डोळा हलला तर? जिथे बघा म्हणू तिथे बघत राहायचं. शिंक आली तर? "आधी सांगा, आम्ही थांबतो." सुई येताना दिसेल? नाही. ती बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर बाजूला, पांढऱ्या भागात जाते आणि तुम्हाला बघायला लावतात विरुद्ध दिशेला. हे आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी महिनाभर समोरून येणारी सुई बघत झोपत होते!

शेवटचा प्रश्न खास माझ्या धंद्यातला होता. सुई किती नंबरची?

"तीस."

माझे हातपाय गार पडले. आमच्यात सुती ब्लाऊजला चौदा नंबर, जाड जीन्सला सोळा. तीस नंबरची सुई मी दुकानात बघितलेली नाही, ती बहुतेक लोहाराकडे मिळत असावी. माझा चेहरा बघून डॉक्टरांनी विचारलं, मी सांगितलं, आणि ते खुर्चीत मागे रेलून हसले. डॉक्टरांच्या सुयांचा हिशेब उलटा. नंबर वाढेल तशी सुई बारीक. तीस नंबर म्हणजे जाडी ०.३ मिलिमीटर, माझ्या चौदा नंबरच्या तिसरा हिस्सा. एवढ्या बारीक सुईने मी मलमल शिवली असती.

त्या दिवशी डोक्यावर टोपी, अंगावर हिरवा गाऊन आणि डाव्या भुवईच्या वर पेनाने बाण. बाण असूनही मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला "डावा हं, डावा" सांगत होते. चहा घेऊन आलेल्या पोऱ्यालासुद्धा सांगितलं. बधिर करायचे थेंब घातले, मग आयोडीनचे तपकिरी थेंब, चाप, डोळ्यापुरतं भोक असलेलं कापड. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, पायाची बोटं हलवत राहा." हा सल्ला सोन्याचा. डोकं स्थिर ठेवायचं तर भीतीला दुसरीकडे काम द्यायला हवं. मी रामरक्षा सुरू केली. वर उजवीकडे बघा म्हणाले, बघितलं. डोळा कुणीतरी आतून दाबल्यासारखं झालं, आणि "झालं काकू." मी अजून ध्यानाच्या श्लोकातच होते.

"किती बोटं?" डॉक्टरांनी हात समोर धरला.

"दोन. आणि तुमच्या बाहीची टीप उसवली आहे."

खरा ताप नंतरचा. सुईने जेवढं दुखलं नाही तेवढं आयोडीनने रात्री चुरचुरलं. आता मी डोळा नीट धुऊन द्या म्हणून आधीच सांगते. दृष्टीच्या तळाशी एक काळा गोल बुडबुडा डुलत होता. तो इंजेक्शनबरोबर गेलेल्या हवेचा, एक-दोन दिवसांत विरतो. गंमत म्हणजे तो डोळ्यात वर तरंगत असतो आणि आपल्याला दिसतो खाली. मी मान हलवून त्याला इकडून तिकडे पळवायला लागले, तर हे काळजीने माझ्या डोळ्यात वाकून म्हणाले, "मला कुठे दिसत नाहीये?"

सकाळी पांढऱ्या भागावर लालभडक डाग. हाही निरुपद्रवी, हळूहळू जातो. दुखणं वाढलं, लाली पसरली किंवा नजर अंधुक झाली, तर मात्र रात्र असो की दिवाळी, लगेच फोन करायचा. डोळ्यात जंतू शिरण्याचा धोका हजारोंत एखाद्यालाच, पण शिरले तर ते आपल्यासाठी थांबत नाहीत. हे सगळं मी समजून घेतलं. गिऱ्हाइकांनी मात्र डाग बघून ह्यांच्याकडे संशयाने बघायला सुरुवात केली आणि मीही काही दिवस खुलासा केला नाही.

भीती गेली नाही. आदल्या रात्री तीनला हमखास जाग येते, पण आता समोर सुई येत नाही. पायाची बोटं हलायला लागतात. परवाच्या फोटोत पर्वती बरीच खाली उतरली होती. डॉक्टरांनी मग दुसरा फोटो उघडला आणि जरा जपून म्हणाले, "काकू, उजव्यालाही थोडी सूज दिसते. पुढच्या गुरुवारी घेऊया का? घाबरलात?"

"घाबरले," मी म्हटलं. "पण गुरुवारी नको. शुक्रवारचं लग्न आहे, करवल्यांचे सगळे ब्लाऊज माझ्याकडे आहेत. शनिवारी घाला."