नँटविचचे चर्चेस मॅन्शन जहाजांच्या लाकडांचे नाही

इंग्लंडमधील काळ्या-पांढऱ्या लाकडी चौकटींच्या जुन्या घरांची छायाचित्रे जेथे पोहोचतात, तेथे ‘ही घरे मोडीत निघालेल्या जहाजांच्या तुळयांची आहेत, वाकडे खांब आणि रिकाम्या खाचा हाच पुरावा’ हे विधानही पोहोचते. चेशर परगण्यातील नँटविच गावचे, प्रथम श्रेणीचे संरक्षण लाभलेले चर्चेस मॅन्शन या विधानाला सरळ उत्तर देते. रिचर्ड व मार्जरी चर्च या दांपत्यासाठी सुतार थॉमस क्लीज याने १५७७ मध्ये हे घर बांधल्याचे त्याच्यावर कोरलेल्या मजकुरातच नमूद आहे.

पहिला प्रश्न लाकूड आणायचे कसे, हा आहे. नँटविच हे समुद्रापासून दूर, जमिनीतल्या खाऱ्या झऱ्यांच्या मिठावर वाढलेले गाव. त्याच्या वीव्हर नदीवर मालवाहू नौकांची सोय अठराव्या शतकात झाली आणि तीही खालच्या विन्सफर्डपर्यंतच. १५८३ च्या भीषण आगीत गावाचा मोठा भाग जळाला, तेव्हा पुनर्बांधणीसाठी लाकूड आले ते चेशरमधल्याच डेलामेअरच्या जंगलातून. (हे घर त्या आगीतून वाचले, हे आपले भाग्य.)

वाकडेपणाचे कारण खुद्द लाकडात आहे. त्या काळचे सुतार ओक ताजा, ओला असतानाच घडवत, कारण वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. पुढे चौकटीत बसल्यावर तो सुकत, आकसत आणि पीळ घेत जाई. शिवाय कमानदार आधारांसाठी मुळातच वाकलेली झाडे मुद्दाम निवडली जात.

रिकाम्या खाचा पाहणाऱ्याला खरोखरच चकवतात. परंतु मधली भिंत किंवा आडवी तुळई काढली की तिच्या कुशीची (खाचेत बसणाऱ्या टोकाची) जागा उघडी पडते, आणि जुन्या घराचे लाकूड नव्या घरात वापरण्याची प्रथाही होती. जहाजाच्या बरगडीची खूण वेगळी असते: बाहेरच्या फळ्या ठोकण्यासाठी तिच्या सबंध लांबीभर भोके पाडलेली असतात. घराच्या चौकटीत खुंट्या मुख्यतः सांध्यांपाशी असतात.

जहाजांच्या लाकडाच्या इमारती इंग्लंडमध्ये आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. हॅम्पशरमधील विकमची चेसापीक गिरणी १८२० मध्ये त्याच नावाच्या युद्धनौकेच्या लाकडातून उभी राहिली, आणि लंडनच्या लिबर्टी दुकानाच्या १९२४ च्या इमारतीत ‘इम्प्रेग्नेबल’ व ‘हिंदुस्तान’ या नौकांचे लाकूड आहे. मात्र या दोन्ही ठिकाणी नौकेचे नाव सांगता येते; चर्चेस मॅन्शनच्या बाबतीत नाव सांगता येते ते सुताराचे, आणि ओकावर राबलेल्या त्या माणसाचे श्रेय एका निनावी जहाजाला देणे मला अन्यायाचे वाटते.