'प्रत्येक वस्तीला आपला बॅटमॅन हवा' म्हणणाऱ्यांना उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाने कुटुंबाच्या गटावर एक लांबलचक मजकूर पाठवला. तेव्हा मी दुर्लक्ष केले. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर आमच्या सोसायटीच्या गटावर, 'पावसाळ्यापूर्वी सभासदांनी यावर विचार करावा' अशा सचिवांच्या शेऱ्यासह येऊन पडला आणि खाली पंचवीस-तीस अंगठे उमटले, तेव्हा मात्र गप्प बसणे जमेना.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे. १९९९ साली डीसी कॉमिक्सने 'नो मॅन्स लँड' या बॅटमॅनच्या कथामालिकेत भूकंपाने उद्ध्वस्त झालेले आणि टोळ्यांनी वाटून घेतलेले गॉथम शहर दाखवले. सहा वर्षांनी कतरिना वादळात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात हुबेहूब तेच घडले. माणसे जनावरे झाली, निवाऱ्याच्या स्टेडियममध्ये शेकडो खून पडले. जपानी लोक तेवढे संस्कारांमुळे अपवाद आहेत. म्हणून संकट येताच फाटक बंद करावे, बाहेरच्या कोणालाही आत घेऊ नये, पोलिसांची वाट न पाहता तरुणांचे हत्यारबंद पथक उभारावे, कारण प्रत्येक वस्तीला आपला बॅटमॅन हवा.

ज्या कथेचा दाखला दिला आहे ती हा मजकूर लिहिणाऱ्याने वाचलेली नाही, याविषयी मला शंका नाही. गॉथममधील बेबंदशाही भूकंपाने आलेली नाही. भूकंपानंतर अमेरिकेचे केंद्र सरकार हे शहर आपले नाहीच असे जाहीर करते, ज्यांना जाता येते त्यांना बाहेर काढते आणि मग पूल उडवून देऊन उरलेल्यांना आत कोंडते. ब्रूस वेन, म्हणजे मुखवटा उतरवलेला बॅटमॅनच, शहराची बाजू मांडायला वॉशिंग्टनला जातो आणि हात हलवत परत येतो. त्यानंतर टोळ्यांचे राज्य सुरू होते, आणि त्या राज्याच्या पहिल्या काही महिन्यांत बॅटमॅन शहरात नसतोच. त्या काळात शहर तग धरते ते कोणाच्या बळावर? डॉक्टर लेस्ली थॉम्पकिन्स कोण कोणत्या टोळीचा हे न विचारता जखमींवर उपचार करत राहते. चाकांच्या खुर्चीतली बार्बरा गॉर्डन बसल्या जागेवरून बातम्या गोळा करते. पॉयझन आयव्ही तर खलनायिका, पण रॉबिन्सन पार्कमध्ये ती अनाथ मुलांना सांभाळते आणि भाजीपाला पिकवते. उलट आयुक्त गॉर्डनचे हत्यारबंद पोलीस टोळ्यांप्रमाणेच भिंतींवर रंगाने खुणा करून हद्दी आखतात आणि टू-फेससारख्या गुंडाशी सौदा करून बसतात. सुपरमॅनही एकदा येतो, वीजकेंद्र सुरू करून देतो, त्या विजेवरूनच मारामाऱ्या जुंपल्यावर निघून जातो. एवढे सगळे वाचून 'फाटक बंद करा' असा बोध कोणी घेत असेल, तर त्याने पूल उडवणाऱ्या सरकारलाच नायक मानले आहे असे म्हणावे लागेल.

भाकिताच्या दाव्यात मात्र अर्धे सत्य आहे, आणि ते नाइलाजाने मान्य करतो. संकटग्रस्त शहराकडे वॉशिंग्टन पाठ फिरवू शकते, ही कल्पना २००५ मध्ये फार दूरची वाटली नाही.

आता स्टेडियममधल्या शेकडो खुनांविषयी. २९ ऑगस्ट २००५ रोजी वादळ धडकले, बंधारे फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. हजारो माणसे सुपरडोम या स्टेडियममध्ये अडकली. आत खून आणि बलात्कारांचे सत्र चालू आहे असे शहराचे महापौर आणि पोलीसप्रमुख दोघेही दूरचित्रवाणीवर सांगत होते, त्यामुळे जगाने विश्वास ठेवला यात नवल नाही. पण त्याच शहरातील 'टाइम्स-पिकायून' या दैनिकाने २६ सप्टेंबर २००५ रोजी या अफवांचा हिशेब मांडला. सुपरडोममध्ये २०० मृतदेह आहेत असे ऐकून एक शीतपेटीचा अठरा चाकी ट्रक तेथे आणला गेला होता. मिळाले ६ मृतदेह. त्यांपैकी चौघांचा मृत्यू नैसर्गिक होता, एकाचा अमली पदार्थांमुळे झाला होता आणि एकाने आत्महत्या केली असावी. खून एकही नव्हता. जवळच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये ४ मृतदेह मिळाले आणि त्यांपैकी एकच खुनाचा असावा असे मानले गेले. तेथील फ्रीझरमध्ये ३०-४० प्रेते रचून ठेवल्याची बातमी याच दैनिकाने आधी छापली होती, आणि ती देणाऱ्या बातमीदारानेच पुढे ती खोडून काढली. वादळाच्या वार्तांकनासाठी या दैनिकाला २००६ मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळाला. एवढे सगळे उघड असूनही वीस वर्षांनी तेच शेकडो खून आमच्या सोसायटीच्या गटावर जिवंत होतात.

दुकाने लुटली गेली, हे नाकारण्याचे कारण नाही. काहींनी पाणी, औषधे आणि लहान मुलांचे लंगोट नेले, काहींनी दूरचित्रवाणी संच नेले, आणि त्या दुसऱ्या प्रकाराला भूक हे कारण देता येणार नाही. कित्येक पोलीस कामावरून पसार झाले, हेही खरे आहे. परंतु मालाची चोरी आणि माणसांची कत्तल या वेगळ्या गोष्टी आहेत.

जपानविषयीचे वाक्य वाचून मात्र मी थक्क झालो, कारण या मजकुराच्या विरुद्ध सर्वांत भक्कम पुरावा जपानमध्येच आहे. १ सप्टेंबर १९२३ रोजी कांतो भूकंपाने टोकियो आणि योकोहामा बेचिराख झाले आणि एक लाखाहून अधिक माणसे मेली. कोरियन लोक विहिरींत विष कालवत आहेत, आगी लावत आहेत, अशी अफवा काही तासांतच पसरली. मग वस्तीवस्तीतल्या पुरुषांनी नेमके तेच केले जे हा मजकूर आपल्याला करायला सांगतो. त्यांनी बांबूचे भाले, तलवारी, आकडे घेऊन पथके उभारली, नाके बसवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची तपासणी सुरू केली. या पथकांना 'जिकेइदान' म्हणत. संशयिताला 'पंधरा येन पन्नास सेन' हे शब्द जपानी भाषेत म्हणायला लावत आणि उच्चार अडखळला की तेथेच त्याचा निकाल लावत. काही दिवसांत हजारो कोरियन मारले गेले. बहुधा सांगितला जाणारा आकडा ६,००० च्या आसपास आहे. त्यांच्याबरोबर चिनी माणसे मारली गेली, आणि दुसऱ्या प्रांतातून आलेले, बोलीचा हेल वेगळा असलेले जपानीही मारले गेले. हे करणारे सराईत गुन्हेगार नव्हते. दुकानदार, कामगार, शेजारी, अशी आपण वस्तीचे रक्षण करतो आहोत अशी पुरती खात्री असलेली माणसे होती ती.

त्याच दिवसांत योकोहामाजवळच्या त्सुरुमी येथील पोलीस ठाण्याचे प्रमुख ओकावा त्सुनेकिची यांनी सुमारे ३०० कोरियनांना आश्रय दिला. ठाण्याभोवती जमाव गोळा झाला तेव्हा, विषारी म्हटल्या जाणाऱ्या विहिरीचे पाणी मागवून ते त्यांनी सर्वांसमक्ष पिऊन दाखवले, असे सांगितले जाते. या कहाणीत कोणाला महानायक शोधायचाच असेल तर तो हा गणवेशातला नोकरदार आहे, आणि त्याने फाटक उघडले होते.

न्यू ऑर्लिन्समध्येही खरा रक्तपात याच दिशेने झाला. अल्जियर्स पॉइंट ही नदीपलीकडची वस्ती कोरडी राहिली होती आणि तेथील फेरी-धक्का लोकांना बाहेर काढण्याचे अधिकृत ठिकाण होता. त्या धक्क्याकडे चालत निघालेल्या कृष्णवर्णीयांवर तेथील काही गोऱ्या रहिवाशांनी, रस्त्यांत झाडे आडवी टाकून, बंदुका चालवल्या. पुढे झालेल्या शोधपत्रकारितेत किमान ११ जणांना गोळ्या लागल्याचे उघड झाले. त्यांपैकी एका प्रकरणातल्या आरोपीला १० वर्षांची शिक्षा व्हायला २०१९ साल उजाडले. वादळानंतर लगेचच, १ सप्टेंबर २००५ रोजी, ग्रेटना या शेजारच्या गावच्या पोलिसांनी पूल अडवून, पायी येणाऱ्यांच्या डोक्यांवरून गोळ्या झाडून त्यांना पुराच्या शहरात परत पाठवले. ४ सप्टेंबर रोजी डॅन्झिगर पुलावर शहराच्या पोलिसांनीच निःशस्त्र माणसांवर गोळीबार केला, त्यात दोघे मेले आणि चौघे जखमी झाले. पूल उडवण्याचा गॉथममधला प्रसंग शोधायचाच असेल तर तो येथे सापडतो.

आपल्याकडच्या अनुभवाविषयी फार लिहीत नाही, कारण आमच्या सोसायटीतल्या अर्ध्या लोकांना तो आठवत असेल. त्याच वर्षी, कतरिनाच्या महिनाभर आधी, २६ जुलै रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा अनोळखी माणसांनी घराची दारे उघडली नसती तर कित्येकांना ती रात्र पाण्यात उभ्याने काढावी लागली असती.

मजकुराच्या शेवटी विचारले आहे, 'पोलीस आलेच नाहीत तर काय कराल?' प्रश्न रास्त आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये लाफायेतसारख्या गावांतून साध्या मच्छीमार बोटी घेऊन शेकडो लोक आले आणि त्यांनी माणसे छपरांवरून उतरवली, शिवाय तटरक्षक दलाने ३३,००० हून अधिक लोकांना वाचवले. स्थानिक पोलीसही पहिल्या दिवसांत याच कामात गुंतले होते. परंतु लूटमारीच्या बातम्यांनी हवालदिल झालेल्या महापौरांनी ३१ ऑगस्टच्या संध्याकाळी सुमारे १,५०० पोलिसांना शोध आणि बचाव थांबवून लुटारूंच्या बंदोबस्ताला लागण्याचा आदेश दिला. त्या वेळी छपरांवर आणि पोटमाळ्यांत अजून माणसे अडकलेली होती.