खुलासा: रात्रभर ठेवलेलं पाणी आणि करपलेली पानं

‘नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवा किंवा उकळा, सगळं निघून जातं, मग हिवाळ्यात कॅलेथिया, ड्रॅसिना अशा घरातल्या कुंडीतल्या झाडांना खुशाल घाला,’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. उघड्या भांड्यातून क्लोरीन उडून जातो, क्लोरामाइन (पाणी शुद्ध करायला वापरतात ते क्लोरीन-अमोनियाचं रसायन) सहजी जात नाही. फ्लोराइड तर उडतच नाही. उकळून पाणी आटलं की त्याचं प्रमाण उलट वाढतं. ड्रॅसिनाच्या पानांची टोकं तपकिरी होऊन करपतात, ती अनेकदा फ्लोराइडमुळेच. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला तर क्षार साचलेत असं समजा. अशा झाडांना पावसाचं, डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी द्या. सॉफ्टनरचं (जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचं) मात्र नको, त्यात सोडियम असतं. पाणी रात्रभर घरात ठेवल्याने त्याचा गारठा जातो, आणि थंडीत मुळांना तेही हवंच असतं. म्हणून ती सवय सोडू नका. पण तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.