नानांच्या चाकूतली कमान मी काढून टाकली

चार दिवस झाले, भाचा माझ्याशी धड बोलत नाहीये. "मामा, आजोबांची वस्तू होती ती. तुम्ही तिचा खटकाच काढलात?" एवढं म्हणून गेला तो. त्याला समोर बसवून सांगायचं ते इथे लिहितोय, कारण आपल्या इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घरांमधून असे चाकू अजून बरेच असतील.

चाकू नानांचा. शिंगाची मूठ, दोन्ही टोकांना पितळ, पातं 5 इंच. बटण दाबलं की आतल्या कमानीने, म्हणजे स्प्रिंगने, कट्‌कन उघडायचा. पाताळपाणीच्या धबधब्याची सहल ठरली की बाफले, म्हणजे कणकेचे गोळे, भाजायला गोवऱ्यांचं पोतं, तुपाचा डबा आणि हा चाकू निघायचाच. पोत्याची सुतळी कापायला, लिंबं चिरायला, पेरूच्या फोडी करायला. कोणावर उगारलेला आम्ही कधी पाहिला नाही. नाना गेल्यावर तो कपाटाच्या खालच्या खणात पडून होता.

मागच्या अनंत चतुर्दशीला आमच्या गल्लीतला एक मुलगा मिलच्या झांक्या, म्हणजे कापड गिरण्यांच्या देखाव्यांची मिरवणूक, बघायला गेला. खिशात ऑनलाइन मागवलेला खटक्याचा चाकू, पातं बोटाएवढं. तपासणीत सापडला. त्याची आई रात्रभर ठाण्याच्या पायरीवर बसून होती, मी सोबत होतो. "भाऊ, एवढंसं तर पातं आहे हो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

पात्याच्या लांबीचा तिथे प्रश्नच नव्हता. कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम 1959. त्याच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, आणि बहुतेकांच्या डोक्यात तेवढाच आकडा बसलेला असतो. पण कलम 4 खाली राज्यांसाठी वेगळी अधिसूचना निघते. आपल्या मध्य प्रदेशाची नोव्हेंबर 1974 ची आहे: सार्वजनिक जागी 6 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं चालत नाही, आणि स्प्रिंगने उघडणारा चाकू तर कुठल्याही मापाचा चालत नाही. म्हणजे नानांच्या चाकूचं पातं मापात होतं, अडचण फक्त त्या कमानीची होती. आणि "घरगुती वापराचा आहे" हे उत्तर पुरत नाही. कायदा सूट देतो ती केवळ घरच्या किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तूला. खटका काही भाजी चिरायला लावलेला नसतो.

म्हणून मी तो खोलला. एका बाजूचं रिबीट ड्रिलने काढलं, आतली कमानीची पट्टी आणि बटण काढलं, बटणाच्या भोकात पितळेचा तुकडा ठोकून घासून सपाट केला. कमान गेल्यावर पातं लुळं पडतं, कधीही बोटांवर मिटेल असं. त्यासाठी दोन्ही बाजूंना पितळी वायसर घातले आणि रिबीटाच्या जागी स्क्रू बसवला, म्हणजे सैल झालं की आवळता येतं. शेवटी पात्याच्या पाठीजवळ नखाची खाच पाडली. इथे घाई चालत नाही. ग्राइंडर लावून धरला तर पोलाद तापतं, निळसर झालं की समजायचं पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, मग धार टिकत नाही. मी दर दोन-तीन सेकंदांनी पातं पाण्यात बुडवत होतो, त्या एका खाचेला पाऊण तास लागला. आता चाकू दोन हातांनी, नखाने ओढूनच उघडतो. पेरू पूर्वीसारखाच कापतो.

भाच्या, पातं मी एक सूतभरही कमी केलेलं नाही. नानांनी वर्षानुवर्षं दगडावर लावलेली धार त्यावर तशीच आहे. मला ती जपायची होती. कट्‌ आवाज जपायचा नव्हता.

तरी हा चाकू म्हणजे परवाना नव्हे. सणावारी, मोर्चाच्या वेळी पोलीस आयुक्तांचा प्रतिबंधक आदेश निघतो, पूर्वी कलम 144 म्हणायचो, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 163. अशा दिवशी तो घरीच राहील. दिल्लीला जाताना तर नेणारच नाही, तिथली अधिसूचना वेगळी आहे. विमानात हातातल्या बॅगेत चाकू चालत नाहीच.

मला राग येतो तो विकणाऱ्यांचा. अठरा वर्षांच्या पोराला स्प्रिंगचा चाकू घरपोच देता, तर डब्यावर हिंदीत एक ओळ छापायला काय जातं? हे खिशात घालून रस्त्यावर निघालात तर गुन्हा आहे, एवढंच. त्या माउलीची रात्र वाचली असती.

तुमच्याकडे वडिलांचा, आजोबांचा असा चाकू असेल तर भंगारात घालू नका आणि खिशातही घालू नका. मला कळवा, काम रविवारी सकाळी होईल, पैसे नकोत. फक्त तो घेऊन माझ्याकडे येऊ नका, रस्त्यात धरतील. ड्रिल आणि व्हाइस घेऊन मीच तुमच्याकडे येतो.