‘नुसतं बाळसं आहे’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या नागपूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर महिनाभर एक मजकूर फिरतोय. त्यात म्हटलंय: जन्मतःच मोठं, मोठ्या जिभेचं, एक पाय जाड असलेलं लेकरू म्हणजे नुसतं बाळसं. पोट फुगलं तर लिव्हर टॉनिक द्या. कावीळ नाही म्हणजे लिव्हर ठणठणीत. दर तीन महिन्यांची सोनोग्राफी टाळा, किरणं लागतात. गुणसूत्रांची तपासणी नॉर्मल आली की विषय संपला. माझ्या पुतणीला बेकविथ-वीडेमान सिंड्रोम, म्हणजे शरीराचे काही भाग जास्त वाढण्याचा जन्मजात आजार आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

बाळसं अंगभर सारखं चढतं. तोंडात न मावणारी जीभ, कानाच्या पाळीवर चिरा, एकाच बाजूचे हातपाय मोठे, जन्मल्यावर साखर उतरणं, यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. ११व्या गुणसूत्रावरच्या वाढीच्या जनुकांचा ताबा सुटल्यानं हे होतं. आईनं ग्रहणात काय चिरलं याचा काडीचा संबंध नाही. वहिनीनं ते टोमणे फार ऐकलेत.

या मुलांचं लिव्हर मुळातच मोठं असू शकतं. टॉनिकनं ते लहान होत नाही. खरी भीती हेपॅटोब्लास्टोमाची, म्हणजे लिव्हरच्या कर्करोगाची, आणि मूत्रपिंडातल्या विल्म्सच्या गाठीची. बहुतेक मुलांना यातलं काहीच होत नाही, हे मीही सांगते. पण कोणाला होईल ते आधी कळत नाही.

आता काविळीचं. याच वाक्यानं सर्वांत जास्त नुकसान होतं. हेपॅटोब्लास्टोमात कावीळ सहसा दिसत नाही. गाठीभोवतीचं लिव्हर नीट काम करत असतं, त्यामुळे लिव्हरची नेहमीची रक्ततपासणीही नॉर्मल येऊ शकते. एएफपी ही वेगळी तपासणी सांगावी लागते; हे रक्तातलं एक प्रथिन, या गाठीत ते सहसा वाढतं. तिचा आकडा नवजात बाळात हजारोंच्या घरात असतो, वर्षभरात उतरत जातो, आणि या मुलांमध्ये जरा सावकाश उतरतो. पहिला रिपोर्ट पाहून माझा भाऊ धंतोलीतल्या लॅबच्या पायरीवरच बसला होता. डॉक्टरांनी तीन रिपोर्ट शेजारी ठेवून दाखवले तेव्हा त्याला कळलं: एकटा आकडा नाही, त्याचा उतार बघायचा. उतरता आकडा पुन्हा चढू लागला तर लगेच शोध घ्यायचा. ही गाठ बहुधा तीन वर्षांच्या आतच होते आणि लहान असताना सापडली तर ऑपरेशननं पूर्ण काढता येण्याची शक्यता चांगली असते.

या गाठी लवकर सापडाव्यात म्हणूनच दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करतात. तीत किरणं नसतातच, ध्वनिलहरी असतात. गरोदरपणी पोटातल्या बाळाचीही तीच करतात.

राहिली गुणसूत्रांची तपासणी. ११व्या गुणसूत्रावरचा हा बदल अनेकदा शरीराच्या काही पेशींत असतो, काहींत नसतो, त्यामुळे रक्तात तो सापडेलच असं नाही. पुतणीचा रक्ताचा रिपोर्ट नॉर्मलच आला होता. निदान लक्षणांवरून झालं. तिची पुढची सोनोग्राफी दिवाळीनंतर आहे.