ॲटलसने पृथ्वी उचललेली नाही

‘झ्यूसने आपला सख्खा भाऊ ॲटलस याला पृथ्वी खांद्यावर पेलायची शिक्षा दिली, म्हणून नकाशांच्या पुस्तकाला ॲटलस म्हणतात, आणि ही कथा ग्रीकांनी आपल्या शेषनागावरून चोरली.’ हा मेसेज फॅमिली ग्रुपवर आला, तेव्हा सोडून दिला होता. आता भाचीने तो शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवलाय. आता गप्प बसवत नाही.

आधी पृथ्वीचं बघू, सगळा घोळ तिथेच आहे. ग्रीक कवी हेसिअडची ‘थिओगोनी’, म्हणजे इ.स.पू. 700च्या आसपासची देवांची वंशावळ, उघडा आणि 517 ते 520 या ओळी वाचा. पृथ्वीच्या टोकाला, सोनेरी सफरचंदं राखणाऱ्या हेस्पेरिडीज या अप्सरांसमोर ॲटलस उभा आहे आणि डोक्यावर व न थकणाऱ्या हातांवर त्याने आकाश तोललंय. पृथ्वी त्याच्या पायाखाली आहे. तीच खांद्यावर घेतली तर हा उभा कुठे राहणार? शिवाय नातं बघा. ॲटलसचा बाप आयापेटस, आणि आयापेटसचे आईवडील म्हणजे गाया आणि युरेनस, पृथ्वी आणि आकाश. आजीवर पाय रोवून नातवाने आजोबांना वर धरलंय, अशी ही कथा आहे. पृथ्वी उचलायला लावली की तिचा अर्थच जातो.

मग पुतळ्यातला तो गोळा? नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातला फार्नीझ ॲटलस बघा: दुसऱ्या शतकातला रोमन संगमरवरी पुतळा, उंची सुमारे 2.1 मीटर, गोळ्याचा व्यास साधारण 65 सेंटीमीटर. गोळ्यावर एकही खंड नाही, समुद्र नाही. उठावात कोरलेले वृषभ, हंस, आर्गो जहाज आहेत आणि त्यांच्यामधून खगोलीय विषुववृत्त व क्रांतिवृत्त (सूर्याचा आकाशातला वार्षिक मार्ग) गेलंय. तो खगोल आहे, म्हणजे आकाशाचा गोल. लांबून काढलेल्या फोटोत तो पृथ्वीगोल वाटतो, एवढंच.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. पॉसेनिअस हा दुसऱ्या शतकातला ग्रीक प्रवासवर्णनकार ऑलिंपियातल्या जुन्या कलाकृतींबद्दल लिहिताना ॲटलसने ‘आकाश आणि पृथ्वी’ पेलल्याचं म्हणतो. पण नुसती पृथ्वी तोही म्हणत नाही. आणि त्याच ऑलिंपियात झ्यूसच्या मंदिरावरच्या शिल्पपटात, इ.स.पू. 460च्या सुमाराच्या, ॲटलस हेस्पेरिडीजची सफरचंदं आणायला गेला म्हणून त्याच्या जागी हेराक्लीज हा वीर भार घेऊन उभा आहे, मानेवर उशी आहे, मागून अथीना देवी एका हाताने टेकू देतेय आणि ॲटलस सफरचंदं घेऊन आलाय. तिथे गोळा मुळातच नाही.

सख्खा भाऊ? झ्यूसचा बाप क्रोनस हा आयापेटसचा भाऊ, म्हणजे हे दोघे चुलत. ॲटलसचे सख्खे भाऊ मेनीशिअस, प्रोमिथिअस आणि एपिमीथिअस.

शेषनाग पृथ्वी धारण करतो, ॲटलस आकाश. कामच वेगळं असताना चोरीचा आरोप कशाच्या आधारावर?

राहिलं नकाशांचं पुस्तक. नकाशाकार मर्केटर 1594 मध्ये वारला आणि 1595 मध्ये त्याच्या मुलाने, रूमोल्डने, ‘ॲटलस’ प्रसिद्ध केलं. हे नाव मर्केटरने ठेवलं ते मॉरेटेनिया या उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन राज्याच्या ॲटलस नावाच्या राजाच्या सन्मानार्थ. तो राजा खगोलाचा जाणकार मानला जाई. त्या नावामागे कोणतीही शिक्षा नाही.