लव्हेंडरचे हितचिंतक

बागेतली झाडं बहुतेक वेळा दुर्लक्षाने मरतात. लव्हेंडर लाडाने मरतं. म्हणून ते लावायचं ठरलं की माती, ऊन, कुंडी यांच्या चौकशीआधी घरात प्रेमळ माणसं किती आहेत ते मोजून घ्यावं. आमच्याकडे फार आहेत.

त्यात सगळ्यांत प्रेमळ माझे सासरे. निवृत्त झाल्यापासून अण्णांच्या हातातली झारी क्वचितच खाली ठेवली जाते. पाणी घातलं की बागकाम झालं, आणि परत पाणी घातलं की परत झालं, असा त्यांचा सरळ हिशेब. हे झाड भूमध्य समुद्राच्या आसपासच्या कोरड्या, खडकाळ डोंगरउतारांवरचं, त्याची पानं अरुंद, करडी आणि लवदार असतात ती पाणी जपण्यासाठीच, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे बिचाऱ्याने जन्मभर हालच काढलेत," असं म्हणाले आणि झारी भरायला गेले.

शेवटी मी बंदी घातली. लव्हेंडरला पाणी फक्त मी घालणार, बाकी कुणी नाही. त्यावर अण्णांनी पहिला पुरावा माझ्याच विरोधात काढला. "गेल्या वर्षी तर तू नेमाने घालत होतीस. तेव्हा चालत होतं?" तेव्हा चालत होतं हे खरंच. नवं रोप मुळं धरेपर्यंत त्याला नियमित पाणी लागतं. एकदा ते रुळलं की मात्र भरपूर पाणी द्यायचं आणि मग माती चांगली सुकेपर्यंत त्याच्याकडे फिरकायचं नाही. "अच्छा," अण्णा म्हणाले, "लहान होतं तोवर पाजलंत, आता मोठं झालं म्हणून वाऱ्यावर सोडलंत." हे शेजारच्या काकूंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

बरं, झाडाने तरी माझी बाजू घ्यावी! पण साक्षीदार म्हणून लव्हेंडर अगदीच बेभरवशाचं. पाणी कमी पडलं की ते मान टाकतं. आणि पाणी जास्त झालं तरीही मान टाकतं, जवळजवळ तश्शीच. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीतल्या बारीक पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळं गुदमरतात, ओल्यात वाढणारे कुजीचे रोग त्यांचा ताबा घेतात, आणि मग चहूकडे पाणी असूनही कुजक्या मुळांना ते वर चढवता येत नाही. बघणाऱ्याला दिसतं ते इतकंच की झाड सुकलंय. तो कळवळून पाणी घालतो. झाड आणखी सुकतं. तो आणखी कळवळतो. या चक्रात कुणाच्याच मनात पाप नसतं, म्हणून तर ते थांबवता येत नाही. एकदा अण्णांना मी ओल्या कुंडीतलं सुकलेलं झाड दाखवलं. म्हटलं, बघा, अति पाण्याचा परिणाम. ते वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे एवढं घालूनही त्याला पुरलेलं नाही." या वाक्याला मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही.

सासूबाईंची आघाडी वेगळी. त्यांचा झाडावर राग नाही, पण जीव आहे तो फरशीवर. मी मुद्दाम मातीची, बिनचकाकीची कुंडी आणली, खालचं भोक मोठं करून घेतलं, मातीत जाड वाळू आणि बारीक खडी सढळ हाताने मिसळली, वर पालापाचोळ्याऐवजी खडे पसरले. हा सगळा खटाटोप पाणी आत टिकू नये म्हणून. आणि टिकू न दिलेलं ते पाणी फरशीवर येऊ नये म्हणून सासूबाईंनी कुंडीखाली खोलगट ताटली सरकवली. म्हणजे मुळांचे पाय पुन्हा पाण्यात. मी ताटली काढते, त्या ठेवतात. याबद्दल आम्ही एकमेकींशी एक अक्षर बोललेलो नाही आणि घरातली शांतता त्याच्यावरच टिकून आहे.

काकूंच्या खताचं थोडक्यात सांगते. त्या चहाचा चोथा घेऊन आल्या होत्या. लव्हेंडरला किंचित अल्कधर्मी, खरं तर गरीबच माती आवडते, खताचा मारा झाला की नुसता पाला माजतो आणि फुलं कमी येतात. हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की चोथा मी घेतला. गुलाबाला घातला. त्यांना सांगितलेलं नाही.

खरी झुंज नणंदेशी झाली. तिला झोप लागत नाही, आणि लव्हेंडरची झोपेसाठीची कीर्ती तिच्या कानावर पोचली होती. शिवाय तिने गातफॉस्सेबद्दल वाचलं होतं. हा फ्रेंच रसायनतज्ज्ञ १९१० साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात भाजला, चिघळलेल्या जखमांवर आपण लव्हेंडरचं तेल वापरलं असं त्याने पुढे लिहून ठेवलं, आणि अरोमाथेरपी (सुगंधी तेलांनी उपचार) हे नाव जगभर गेलं ते त्याच्यामुळे. आता, त्याने वापरलं ते तेल होतं. कुंडी उचलून उशाशी ठेवल्याचं त्याने कुठेही लिहिलेलं नाही. पण सुट्टीला आलेल्या नणंदेने नेमकं तेच केलं, आणि मी उठून पाहते तो रोजच्या जागी फक्त एक गोल डाग आणि सासूबाईंची ताटली. लव्हेंडरला दिवसाला निदान सहा तास थेट ऊन लागतं. पडदे लावलेल्या खोलीत त्याला मिळत होता तो रात्रीचा दिवा आणि पंख्याचा वारा. "पण वन्स, त्याला ऊन लागतं," मी म्हटलं. "आणि मला झोप लागत नाही, त्याचं काय?" त्या म्हणाल्या. चार दिवसांनी झाड परत मिळालं, लांबट आणि पिवळट होऊन. झोप आली का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

पाहुण्यांचा त्रास हंगामी. फुलं आली की ते येतात, पाकळ्या खुडतात, नाकाशी नेतात आणि "वास काही खास नाही हो" म्हणून चुरगळलेलं फूल कुंडीतच टाकतात. लव्हेंडरचा सुगंध पाकळीपेक्षा तिच्या खालच्या निदलपुंजात, म्हणजे फुलाला बुडाशी धरून ठेवणाऱ्या आवरणात, जास्त असतो. तेलाच्या बारीक ग्रंथी तिथे दाटलेल्या असतात. पण खुडून झाल्यावर ही माहिती देण्यात काही अर्थ नसतो, आणि खुडण्याआधी दिली तर ते दुसरं खुडून खात्री करून घेतात.

गंमत म्हणजे जिथे खरोखर निर्दय व्हायचं असतं, तिथे ही सगळी मंडळी एकजात हळवी होतात. बहर ओसरला की लव्हेंडर छाटावंच लागतं. हिरव्या वाढीचा साधारण तिसरा हिस्सा कापायचा. नाही कापला तर झाड खालून लाकूड आणि वरून झिपऱ्या होत जातं. आणि उशीर झाला म्हणून एकदम खालपर्यंत, जुन्या उघड्या लाकडात कात्री घालायची सोय नाही, तिथून बहुधा नवी पालवी फुटतच नाही. म्हणजे दरवर्षी, वेळेवर आणि मापात. मी कात्री घेऊन बसले की घरातले सगळे भोवती जमतात. "अगं, अगं, चांगलं हिरवंगार झाड भादरतेस काय!" झारीने त्याचा जीव घेणारे अण्णा कात्री बघून तोंड फिरवतात. नवरा इतके दिवस कुठल्याच बाजूला नव्हता. तो एवढंच म्हणाला, "हळू काप." मी म्हटलं, "तू काप." तो आत गेला.

यावर तोडगा मला झाडाच्या नात्यागोत्यातच सापडला. लव्हेंडर, तुळस, रोझमेरी, पुदिना ही सगळी एकाच कुळातली. त्यातला पुदिना म्हणजे घराण्यातलं ओलाव्यावर पोसलेलं पात्र. दुसऱ्या कुंडीत पुदिना लावला आणि अण्णांना म्हटलं, "हा लव्हेंडरचाच चुलतभाऊ. ह्याला तुम्ही सांभाळा. हवं तेवढं पाणी घाला." अण्णांचा चेहरा खुलला. इतक्या दिवसांच्या अडवलेल्या मायेचा लोंढा पुदिन्यावर गेला आणि पुदिन्याने तो सगळा रिचवला. घरात शांतता नांदली. माती सुकलीय का हे मी बोट खुपसून निवांतपणे बघू लागले. मधमाश्या आल्या. अण्णा स्वतःहून लव्हेंडरच्या अंगावरून, झारी हातात असताना, सरळ पुढे जाऊ लागले.

पुदिना मात्र स्वस्थ बसणाऱ्यातला नव्हे. त्याचे धावते धुमारे जिथे ओल मिळेल तिथे मुळं सोडतात. एक धुमारा कुंडीच्या काठावरून बाहेर आला, हवेत थोडा लोंबकळला आणि शेजारी टेकला. परवा सकाळी गॅलरीत आले तर अण्णा लव्हेंडरच्याच कुंडीत मनसोक्त झारी ओतत होते.

"अण्णा! बंदी आहे ना?"

"आहे की," अण्णा म्हणाले आणि झारीच्या तोंडाने लव्हेंडरच्या बुंध्याशी रुजलेली दोन हिरवी पानं दाखवली. "मी पुदिन्याला घालतोय."